फडक्याशिवाय जोडी नाही

आमच्या हायस्कुलात आठवी ते अकरावी मिळून मुली चौदा होत्या. कवायतीच्या तासाला मुलगे मैदानावर लेझीम आणि लाठी करत. आम्हाला त्या वेळी शिवणाला बसवत. शिवणाला बाई नव्हत्या आणि सुयाही नव्हत्या, त्यामुळे आम्ही नुसत्याच बसत असू. पन्नास ते साठच्या मधली ती वर्षं. जिल्हा तेव्हा रत्नागिरी होता. मालवण खाडीपलीकडे, होडीने अर्ध्या तासावर.

एका जूनमध्ये घाटावरून एक नव्या बाई आल्या. वय पंचवीस-सव्वीस, पांढरी पाचवारी घट्ट खोचलेली आणि पायात कॅनव्हासचे बूट. गावात आठ दिवस बुटांचीच चर्चा चालली. बाईंनी कवायतीचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. आम्हाला रिकामं बसलेलं बघून त्यांनी तिसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं, "मी यांना तलवार शिकवते. बांबूची."

प्रश्न जागेचा होता. मैदान मुलग्यांकडे. उरलं देवळाचं आवार. ते हवं तर गावच्या मानकऱ्यांना विचारायला हवं, आणि शाळा समितीचे अध्यक्षही तेच. साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकवा. पण एका जरी चेडवाक लागलां, तर त्या दिवसापासून बंद. आमका ह्यांची लग्नां करूची आसत."

बाई म्हणाल्या, "मान्य."

आम्हाला वाटलं, बाई खुळ्या आहेत. लाकडाबांबूचा खेळ, आणि कुणाला लागणारच नाही? पण त्यांनी ती अट शब्दशः घेतली होती आणि त्या हिशोबानेच पुढचं सगळं बेतलं होतं.

तलवारी सूप-टोपल्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून करून घेतल्या. आमच्याकडे माणगा म्हणून भरीव बांबू होतो, त्याच्या काठ्या होतात. म्हाताऱ्याने आधी त्याच्याच काठ्या तासून आणल्या. बाईंनी एक उचलली, स्वतःच्याच पोटरीवर फाडकन मारून बघितली आणि परत दिली. "ही हाड मोडेल." मग पोकळ बांबू चिरून त्याच्या कामट्या काढायच्या, चार कामट्या एकत्र धरून सुंभाने तीन जागी आवळून बांधायच्या, असं ठरलं. अशी तलवार लागली तर आवाज मोठा होतो आणि मार कमी बसतो. मुठीच्या वर बोटं वाचवायला अर्धी करवंटी भोक पाडून बसवली. म्हातारा ती वस्तू हातात फिरवत म्हणाला, "ह्येनी काय कोण मरूचो नाय, बाई."

"मरू नये म्हणूनच करतोय," बाई म्हणाल्या.

पहिला महिनाभर आम्ही तलवार चालवलीच नाही. ती सांभाळायला शिकलो. दर पंधरवड्याला खोबरेल चोळायचं, नाहीतर कामटी सुकून तडकते. उन्हात ठेवायची नाही. भिंतीला टेकवून उभी करायची नाही, कारण वाकते. आडव्या खुंट्यांवर ठेवायची. तिच्यावर रेलायचं नाही, तिच्यावरून पाय टाकायचा नाही. हे शेवटचं आम्हाला घरूनच ठाऊक होतं, आम्ही पुस्तकावरूनही पाय टाकत नसू. बाईंनी त्याला निराळं कारण दिलं. "ओलांडताना एखादीचा पाय पडतो आणि कामटी पिचते. पिचलेली दिसत नाही. पुढच्या मारात फुटते." त्यांच्याकडे प्रत्येक मानापानाला असं एक कारण असायचं. नमस्कारालासुद्धा. जोडीने उभं राहिलं की आधी एकमेकींना वाकून नमस्कार करायचा, पण नजर खाली न्यायची नाही. समोरची तयार आहे की नाही हे तेवढ्या वेळात बघायचं. मार खांद्याखालीच द्यायचा. भोसकायचं कधीच नाही. कुणीही "थांब" म्हटलं की हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे, मग म्हणणारी पैलतीरावरून ओरडलेली का असेना.

आणि सगळ्यांत आधी फडकं. जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा मुठीपासून टोकापर्यंत चारही अंगांनी फिरवायचा. धागा कुठे अडकला की तिथे कुसळ निघालेलं आहे किंवा चीर पडलेली आहे असं समजायचं आणि तलवार बाजूला ठेवायची. "फडक्याशिवाय जोडी नाही," असं बाई रोज म्हणत. फडकं फिरवायचं काम माझ्याकडे होतं. मी हुशार होते म्हणून नव्हे, मी चिकट होते म्हणून. एकेका तलवारीवर मी तीनदा फिरवायची आणि बाकीच्या कंटाळायच्या.

तेल लावायला म्हणून तलवार घरी नेली तेव्हा आईने अंगणात वाळत घातलेल्या सुंगटांवरचे, म्हणजे कोलंबीवरचे, कावळे त्या तलवारीनेच हाकलले. मी ओरडले.

"कित्या बोंबलतंस? ह्या खांड्याचो कायतरी उपयोग झालो," आई म्हणाली.

"बाई म्हणतत, तलवारीन दुसरां काय करूचां नाय."

"तुझ्या बाईक सांग, सुंगटां राखूक येवा म्हणान."

मी तलवार हिसकावून घेतली, पुसली आणि त्या दिवसापासून ती घरी नेली नाही. आईचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. कावळे होतेच.

माझी जोडीदारीण आमच्या शेजारच्या वाडीतली. तिचे वडील तांडेल होते, मालाचा मचवा मुंबईपर्यंत नेत. ती माझ्यापेक्षा उंच, चपळ आणि तोंडाने फटकळ.

"तुझो हात भात कांडल्यासारखो पडता गो," ती म्हणायची.

"आणि तुझो?"

"माझो पडाकच खंय? तू मधी येतंस."

रोज शाळा सुटल्यावर तासभर आम्ही एकमेकींसमोर उभ्या राहत होतो. पावसाळाभर देवळाच्या सभामंडपात, उघडीप मिळाली की आवारात. तिचा मार कुठून येणार हे मला तिच्या खांद्यावरून कळायला लागलं होतं, आणि माझा तिला. दुसऱ्या कुणाबरोबर मला तसं पुढे कधी जमलं नाही. चार महिन्यांत चौदाजणींपैकी एकीलाही ओरखडा आला नाही. मानकरी संध्याकाळी देवळात येत, पायरीवर उभे राहून थोडा वेळ बघत आणि आत जात.

मग नवरात्रात त्यांनी आपणहून निरोप पाठवला. खंडेनवमीला देवाच्या हत्यारांची पूजा होते, त्यांत मुलींच्या तलवारी मांडाव्यात. आणि दसऱ्याला सोनं लुटून झालं की आवारात गावासमोर खेळ करून दाखवावा.

हा मान आहे हे घाटावरच्या बाईंनासुद्धा कळलं. देवाच्या तलवारी म्हणजे पोलादी, जुन्या, वर्षातून एकदा बाहेर निघणाऱ्या. त्यांच्या शेजारी आमच्या करवंटीच्या तलवारी. माझ्या आईने सुंगटं सोडून पूजेला हजेरी लावली, यावरून काय ते समजा.

पूजेत सगळ्या हत्यारांवर पंचामृत घातलं गेलं. पोलादी तलवारी पुसून, तेल लावून पुन्हा जागेवर गेल्या. आमच्या मात्र दूध-मधाने चिकट झाल्या. कामट्यांच्या मधल्या फटींत ते शिरलं होतं. दुपारपर्यंत त्यांना मुंग्या लागल्या. गुरवाला वाईट वाटलं. देवाजवळची वस्तू, तिला मुंग्या. त्याने सगळ्या पाण्याने धुतल्या आणि देवळामागच्या काळ्या दगडी चौथऱ्यावर उन्हात ओळीने मांडल्या. आश्विनातलं ऊन. तो दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ त्या तिथेच होत्या. मग त्याने त्या आत नेल्या, हळद-कुंकवाची बोटं ओढली, प्रत्येकीला अबोलीचा वळेसर गुंडाळला. हे सगळं मला नंतर कळलं. त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याला आपण काही वावगं केलं असं मुळीच वाटत नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी ऊन कलल्यावर मी फडकं घेऊन सभामंडपात गेले. तलवारी पाटावर होत्या, कुंकवाने लालभडक झालेल्या. चार-पाच बायका तिथे बसल्या होत्या, त्यांत मानकऱ्यांची बहीण. गावात सगळे त्यांना आत्या म्हणत. मी वळेसर सोडवला आणि पहिल्या तलवारीला फडकं लावलं.

"गो, काय करतंस तां?" आत्या म्हणाल्या.

"पुसून बघतंय."

"देवाचां कुंकू पुसतंस? आजच्या दिवसाक? आवशीन काय शिकवलां की नाय तुका?"

दुसरी एक म्हणाली, "दोन दिस देवाजवळ होती ती. तेंका काय होतला?"

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. पूजेतून उठलेली वस्तू आपण चाचपून बघायची म्हणजे देवाची परीक्षा घेतल्यासारखं वाटलं. मी फडकं कमरेला खोचलं आणि तलवारी दोन्ही हातांवर आडव्या घेऊन बाहेर आले.

बाई आवारात लहान मुलींना रांगेत उभं करत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "फडकं झालं?"

"हो," मी म्हणाले.

आमची जोडी शेवटची होती. गाव भोवती उभं, हातात आपट्याची पानं. पहिल्या सहा जोड्या नीट पार पडल्या, लोकांना मजा वाटत होती. आम्ही नमस्कार केला आणि सुरुवात केली. माझी मूठ थोडी सैल वाटली, सुंभ ढिला पडल्यासारखा. तिथेच "थांब" म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही, कारण गाव बघत होतं. आठवा की नववा मार असेल. तिने माझा वार अडवला तेव्हा नेहमीसारखा फट्ट आवाज न येता कडकन आला, आणि माझ्या तलवारीची एक कामटी सुटून तिच्या तोंडाकडे गेली.

ती खाली बसली. लोकांना काही क्षण कळलंच नाही. आमचे हात, कपडे, तिचं कपाळ, सगळं आधीच कुंकवाने लाल झालेलं होतं. पहिल्यांदा बाईंना कळलं. त्यांनी शिट्टी फुंकली, धावत येऊन तिचा हात चेहऱ्यावरून बाजूला केला आणि तिला एकच गोष्ट विचारली, "माझी बोटं किती दिसतात?"

"दोन," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली.

डोळ्याखाली अंगठाभर अंतरावर गाल फाटला होता. तिच्या वडिलांनी तिला उचलून होडीत घातलं आणि स्वतः वल्हवत मालवणला नेलं. बाईही सोबत गेल्या. डॉक्टरांनी तीन टाके घातले. डोळा शाबूत होता. मी किनाऱ्यावर उभी होते, कुणी मला होडीत ये म्हणालं नाही. आईने मला घरी नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात माणसं जमली. मानकरी, समितीतले चारजण, तांडेल, बाई. आम्ही मुली आणि बायका खांबांच्या बाजूला. मानकऱ्यांनी आवाज चढवला नाही. "बाई, मी तुमका काय सांगललंय? तपासूक व्हयां होतां तुमी."

"हो," बाई म्हणाल्या. "जबाबदारी माझी."

मी वाट बघत होते, त्या पुढे म्हणतील की मी विचारलं होतं, तिने हो म्हटलं. त्या काही म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. समितीतला एकजण म्हणाला, "घाटावरची माणसां. हत्यारां तेंका खेळणी वाटतत." दुसरा म्हणाला, "बदली मागून घेवा, बाई. तां बरां." बाई हात मागे बांधून उभ्या होत्या. वर्ग तर जाणारच होता, आता बाईही जाणार असं दिसायला लागलं.

मी पुढे झाले. "बाईंनी इचारलेल्यानी. मी फडकां मारूक नाय. आणि मारलंय म्हणान सांगलंय."

"कित्या मारूक नाय?" मानकऱ्यांनी विचारलं.

आत्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांचं नाव घेतलं नाही. "पूजेचां कुंकू पुसाक माका भय वाटलां."

मग गुरव मागून म्हणाला की मुंग्या लागल्या म्हणून आपण तलवारी धुऊन उन्हात ठेवल्या होत्या, आणि पूजेच्या वस्तूला मुंग्या लागू देणं बरं दिसलं असतं काय. तेव्हा कुठे बाईंची मान वळली. ओला बांबू आदल्या दिवसापासून तापल्या दगडावर. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तांडेल पुढे आले. ते म्हणाले, "टाके माझ्या चेडवाक पडले, तर माका बोलूक देवा. नारळी पुनवेक आमी मचव्याची पूजा करतो. कुंकू लावतो, हार घालतो, नारळ देतो. मगे तो दर्यात लोटूच्या आधी मी सगळ्या फळयेर हात फिरवतंय. कुंकवाखाली फट आसली तर पाणी काय कुंकू बघान भायर रवतला?"

"ह्या दर्याचां झालां," मानकरी म्हणाले.

"दर्यात माझी सात माणसां आसतत. तेंच्या जिवासाठी मी देवाचां कुंकू पुसलंय. देव माझ्यार कधी रागावलो नाय."

मानकऱ्यांनी गाभाऱ्याकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "मी शब्द दिललंय. एकाक लागलां तर बंद. देवळाच्या आवारात बंद."

शेवटचे शब्द त्यांनी सावकाश म्हटले. समितीतल्या एकाला ते कळले नाहीत, त्याने मान डोलावली. तांडेलांना लगेच कळले. "माझी मचव्याची खोप मोकळी आसा," ते म्हणाले. "मचवो पाण्यात गेलो काय मे महिन्यापर्यंत थंय फक्त कुत्रे निजतत."

बाईंची बदली कुणी मागितली नाही. त्या पुढे चार वर्षं आमच्या शाळेत होत्या आणि तलवारीचा वर्ग चारही वर्षं त्या झावळ्यांच्या खोपीत, वाळूवर भरला. वाळूवर पाय लवकर फिरत नाहीत, त्यामुळे आम्ही सगळ्याच थोड्या संथ झालो. खंडेनवमीला बाई तलवारी मांडायच्या, पण कुंकवाचं बोट फक्त मुठीला लावायच्या. पंचामृत नाही. गावाने त्याबद्दल काही म्हटलं नाही.

मला बाई त्या दिवशी देवळाच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाल्या, "चूक कुणाचीही होते. मला 'हो' का म्हणालीस?" गाव जमलं होतं म्हणून, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शिक्षा सांगितली. होळीपर्यंत मी जोडीत उभं राहायचं नाही, फक्त तपासायचं. मला ती योग्य वाटली. नंतर मी स्वतः शाळेत शिकवायला लागले तेव्हा खोटं बोललेल्या मुलांना मी तसंच करत आले. ज्या कामात खोटं बोललात, तेच काम करा, दुसरं काही करायचं नाही. बाकीच्या शिक्षकांना ते विचित्र वाटायचं.

खोपीतल्या पहिल्या दिवशी अकराजणी आल्या. तिघींना घरून पाठवलं नव्हतं. माझी जोडीदारीण आली, गालावर टाक्यांची लाल रेघ घेऊन. तिने मला हाक मारली, वाळूत काय काय पडलंय बघ म्हणाली, कुत्र्यांना हाकललं, आणि बाईंनी जोड्या लावायला घेतल्या तेव्हा आपणहून दुसऱ्या मुलीसमोर जाऊन उभी राहिली. होळीनंतर मी परत जोडीत उभी राहायला लागले, तेव्हाही तिने जागा बदलली नाही. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो, एकाच होडीने मालवणला जायचो, तिच्या लग्नात मी चार दिवस राबले. पण हातात तलवार असताना ती माझ्यासमोर पुन्हा कधी आली नाही. मीही तिला कधी विचारलं नाही.